टेपखालचं नाव

३ मार्च, सोमवार

आज नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि तो चक्क चांगला गेला. हे वाक्य लिहायला मला आठ महिने थांबावं लागलं, म्हणून पहिल्याच ओळीत लिहून टाकते.

सकाळी बोरिवलीहून मुलुंडची बस धरली. लिंक रोडने सव्वा तास, पण खिडकी मिळाली. कंडक्टरने मशीनमधून तिकीट फाडून दिलं, तशी मी सवयीने त्यावर नखाने रेघ ओढली. लगेच काळी उमटली. म्हणजे शाईचा नाही, उष्णतेवर छापायचा कागद. अंधेरीच्या औषध कंपनीत सतरा वर्षं लेबलं तपासण्यात गेली, त्यामुळे कागद दिसला की नख आपोआप पुढे होतं. शेजारच्या बाई जरा सरकून बसल्या.

गाळा इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. मालक हर्षद, वय जेमतेम चौतीस, बोलणं गोड आणि डोळा घड्याळावर. आम्ही एक पावडर विकतो. काही मुलांना जन्मतःच असा आजार असतो की साधं दूध, डाळ, अंडं त्यांच्या अंगात विष होतं. त्यांचं सगळं पोट या डब्यावर. राज्यभरात अशी साडेतीनशे घरं आमच्याकडे आहेत. डबा खोक्यात भरायचा, लेबल लावायचं, कुरिअरच्या गाडीत चढवायचा. मी या सगळ्याची प्रमुख, आणि माझ्या हाताखाली एकच बाई, वनमाला. मूळच्या मालवणकडच्या, सासरे गिरणीत होते, त्या स्वतः अकरा वर्षं इथे पॅकिंगला. जेवताना त्यांनी सुक्या जवळ्याची चटणी पुढे केली, आणि मी नको म्हणायच्या आत ती माझ्या पोळीवर होती.

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, या वेळी जमवून घे, प्रत्येक गोष्टीत अडून बसू नकोस. अंधेरीहून मला काढताना साहेब हेच जरा गोड इंग्रजीत म्हणाले होते. ठीक आहे. इथे अडायचं नाही.

५ मार्च, बुधवार

हर्षदने लेबलं निवडायचं काम माझ्यावर सोपवलं. माझ्या आवडीचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लेबलं दोन जातींची. एकीला प्रिंटरमध्ये रिबन लागते. रिबनवरचा काळा थर गरम होऊन कागदावर उतरतो आणि मग ऊन, घाम, तेल कशालाच दाद देत नाही. दुसरीला रिबन नको. कागदालाच मसाला लावलेला असतो, तो गरम झाला की काळा पडतो. छपाई झटपट, रिबन बदलायची कटकट नाही. पण ते अक्षर कच्चं. उन्हात विरतं, घासलं की ओरखडे उठतात, गरम चहाचा ग्लास ठेवला तर काळं कडं उमटतं. औषधाच्या खोक्यावर मी सतरा वर्षांत हा कागद एकदाही लावू दिला नव्हता.

हर्षदला बिनरिबनीचा हवा होता. म्हणाला, मॅडम, चार दिवसांत खोकं घरी पोचतं, लेबल काय फ्रेम करून लावायचंय? मी हसले आणि सही केली. अंधेरीत माझा हात धजला नसता. इथे सही करून इतकं हलकं वाटलं की माझं मलाच नवल वाटलं.

लेबलावर दोन चौकटी कारखान्यातूनच शाईने छापून येतात, 'घेणारा' आणि 'पाठवणारा'. आतला मजकूर आपण छापायचा. पाठवणाऱ्यात एका माणसाचं नाव लागतं, कारण पत्ता सापडला नाही की खोकं त्या नावावर परत येतं. हर्षदने माझं नाव घालायला सांगितलं. साडेतीनशे घरांत 'पद्मजा' जाणार. मला बरं वाटलं, का लपवू?

११ मार्च, मंगळवार

व्हायचं तेच झालं. गोणीत खोकी एकमेकांवर घासली आणि लेबलांवर काळे पट्टे उठले. कुरिअरच्या मशीनला बारकोड वाचता येईना, तेवीस खोकी परत आली. हर्षद गोड बोलायचा बंद झाला. त्याला संध्याकाळच्या आत उपाय हवा होता.

मी म्हटलं, लेबलावरून पारदर्शक टेप मारू. घासलं तर टेप घासेल.

वनमालाबाईंनी हातातली कात्री खाली ठेवली. "ह्या कागदार टेप लावू नको गो बाय. टेप नाव खाता." त्यांच्या म्हणण्याप्रमाणे दोन वर्षांपूर्वी असंच केलं होतं आणि टेपखालची अक्षरं आठवड्यात फिकी पडून गेली होती. टेपच्या गोंदाने मसाला मरतो. हर्षद माझ्याकडे बघायला लागला.

मला हे माहीत होतं. अंधेरीत आमच्या टेबलावर लाल अक्षरांत पाटीच होती, लेबलावर टेप लावू नये. ती पाटी मीच लिहिली होती. पण हर्षदसमोर पॅकिंगवाल्या बाईने मला शिकवावं हे मला लागलं. मी म्हटलं, चार दिवसांत काही उडत नाही. लावा.

त्यांनी लावली. सगळ्या खोक्यांवर, नीट, एक सुरकुती न पडू देता.

१७ मार्च, सोमवार

शिवदास नावाच्या माणसाचा फोन. दहिसरला नदीजवळच्या चाळीत राहतो. मुलगी चार वर्षांची, गंधाली. अकरा तारखेला निघालेला डबा पोचला नाही, घरातला दोन दिवस पुरेल.

मी संगणकावर पाहिलं. डबा भिवंडीला. मुलुंडहून दहिसरला जायचा डबा आधी भिवंडीच्या गोदामात जातो आणि तिथून फिरून मुंबईत येतो. त्याला सांगितलं, वाटेत आहे. त्याने विचारलं, मी स्वतः येऊन घेऊन जाऊ का? मी सांगितलं, गाळ्यावरून विक्री नाही, नियम आहे. नियम खरोखरच आहे.

फोन ठेवल्यावर जाणवलं की मी बोरिवलीला राहते. दहिसर पुढचंच. संध्याकाळी एक डबा पिशवीत टाकून नेला असता तर काम झालं असतं. पण पहिलं खोकं परत आल्याशिवाय दुसरा डबा द्यायचा नाही असा हर्षदचा दंडक, आणि मी त्याला विचारलंसुद्धा नाही. अडायचं नाही ना.

१९ मार्च, बुधवार

शिवदासचा पुन्हा फोन. मुलीला ताप आहे. पावडर संपली, ते तिला साखरेचं पाणी देतायत. डॉक्टरांनी भरती करायला सांगितलंय. डबा अजून भिवंडीतच, 'पत्ता अस्पष्ट' असा शेरा.

मला त्याच क्षणी कळलं काय झालंय ते. तरी मी त्याला म्हटलं, तुम्ही पत्ता अर्धवट दिला असेल. तो म्हणाला, मॅडम, दोन वर्षं त्याच पत्त्यावर येतोय. मग मी जरा आवाज चढवला.

माझ्या मागे मांडणीवर चाळीस डबे होते. मी मोजले नव्हते, वनमालाबाईंनी मोजून सांगितले.

२२ मार्च, शनिवार

सकाळी अकराला शिवदासचा फोन आला. आवाज अगदी शांत होता. "मॅडम, आता डबा नको." एवढंच म्हणाला आणि लगेच ठेवला नाही. मी काहीतरी बोलेन म्हणून थांबला असावा. मी फोन ठेवून दिला.

काल दुपारी गेली ती. हर्षदने दवाखान्यात फोन करून विचारलं.

हर्षद पांढराफटक पडला. टेपची कल्पना कोणाची असं त्याने विचारलं. त्याच्यासमोरच ठरलं होतं, त्याला आठवत नसेल असं नाही. पण तो असं विचारत होता की त्याला माझ्याशिवाय दुसरं कुठलंही नाव चाललं असतं. परत येणाऱ्या मालाच्या वहीत एक रकाना आहे, 'चूक कोणाची'. मी तिथे लिहिलं, वनमाला. टेप त्यांनी लावली होती. हातांनी लावली होती, हे काही खोटं नाही.

२४ मार्च, सोमवार

त्यांना आज काढलं. त्या भांडल्या नाहीत. चटणीची बरणी पिशवीत टाकली, कात्री माझ्या टेबलावर आणून ठेवली. जाताना म्हणाल्या, "पत्तो गावलो नाय की वस्तू धाडणाऱ्याकडेच परत येता. ध्यानात ठेव."

नियमच सांगत होत्या. त्यात शाप वगैरे काही नव्हता. मी उगाच मनाला लावून घेतेय.

२६ मार्च, बुधवार

ते खोकं परत आलं.

लेबल कोरं. गंधाली नाही, दहिसर नाही, बारकोड नाही. फक्त शाईच्या दोन चौकटी, 'घेणारा', 'पाठवणारा'. पाठवणाऱ्यातलं माझंही नाव गेलेलं. मग हे माझ्यापर्यंत आलं कसं? कुरिअरवाल्याला विचारलं. तो म्हणाला, वर नाव होतं म्हणून तर आणलं, मॅडम.

टेप उचलून पाहिली. खाली, 'पाठवणारा'च्या बरोबर खाली, एक काळी रेघ. नखाची. टेप लावल्यावर तिच्या खाली नखाची रेघ उठत नाही. मी सतरा वर्षं हेच काम केलंय. उठत नाही.

रेघ अगदी बारीक. तांदळाच्या दाण्याएवढी रुंद. माझं नख लावून पाहिलं, माझी दुप्पट जाड येते.

२८ मार्च, शुक्रवार

नवा रोल उघडला. कारखान्याचं प्लास्टिक मी स्वतः फाडलं. पहिल्या लेबलावर रेघ. दुसऱ्यावरही. शेवटपर्यंत उलगडला, गाळाभर लेबलांच्या पट्ट्या पसरल्या. प्रत्येकावर, 'पाठवणारा'खाली, तीच बारीक रेघ. पुढे पुढे एकाच जागी पुन्हापुन्हा गिरवलेली. लहान मुलं एखादी गोष्ट हवी असली की बोट ठेवून दाखवत राहतात, तशी.

हर्षद म्हणाला, डिफेक्टिव्ह पीस, बदलून घ्या. मी रिबनची लेबलं मागवू का विचारलं. तो म्हणाला, आता कशाला?

३० मार्च, रविवार

पाडवा. आईने श्रीखंड केलं. दुपारी मी पडले होते. आईने उठवून सांगितलं, दारावर कोणीतरी नखं घासतंय, शेजारचं पोर असेल, बघ. उघडलं. कोणी नाही. आमच्या मजल्यावर लहान मूल नाही.

आईच्या फाइलमध्ये तिचा ईसीजी असतो, तोही याच कागदावर निघतो. आज पाहिला. आलेख नाही, तारीख नाही. नुसता गुलाबी चौकटींचा कागद, आणि खाली एक रेघ.

२ एप्रिल, बुधवार

घाटकोपरहून एका गाळ्यातून फोन. वनमालाबाई तिथे कामाला लागतायत, बाई कशी आहे, विचारत होते.

मला एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं. त्यांची चूक नव्हती, माझी होती. वाक्य तोंडाशी आलंही होतं. पण हर्षद समोर बसला होता, आणि आठ महिने घरी बसणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. मी म्हटलं, मेहनती आहेत, पण टेपचा एक प्रकार झाला होता.

परतीच्या बसमध्ये तिकीट हातात कोरं झालं. डोळ्यांदेखत, अक्षरामागून अक्षर. मी नख लावलं नव्हतं. हात मांडीवर उपडा होता. सीट रिकामी होती शेजारची, तरी कंडक्टरने विचारलं, छोटीचं तिकीट?

मी उतरले. मधेच.

४ एप्रिल, शुक्रवार

आज ठरवून गेले. परत आलेला डबा पिशवीत. शिवदासला भेटायचं, सगळं सांगायचं, टेपचं, पाटीचं, पत्ता अर्धवट म्हटल्याचं, चाळीस डब्यांचं.

बोरिवलीहून रिक्षाने तेरा मिनिटं लागली. तेरा.

चाळीच्या वळणापर्यंत गेले. दार उघडं होतं. उंबऱ्याबाहेर चपला, दोन मोठ्या, आणि एक जोडी छोटी, निळी. अजून उचलली नव्हती. आत भांडं घासल्याचा आवाज. मी उभी राहिले. शेजारच्या बाईने विचारलं, कोण पाहिजे? मी म्हटलं, कोणी नाही, पत्ता चुकला.

पत्ता चुकला म्हटलं मी.

डबा घरी आणला. ओट्यावर ठेवला.

५ एप्रिल, शनिवार

कामावर गेले नाही. शिवदासला पत्र लिहिलं, तीन पानं. वाचून पाहिलं तर तिन्ही पानांत हर्षदचा दंडक, कुरिअरचा घोळ, भिवंडी. माझं नाव फक्त खाली सहीत. फाडलं.

आईने हाक मारली तेव्हा मी ओ दिली नाही असं ती म्हणते. तिने कुठल्या नावाने हाक मारली ते मला ऐकूच आलं नाही — ओठ हलले, मधे काही नव्हतं. कामाच्या ओळखपत्रावरही — त्यावरचं स्टिकर आमच्याच प्रिंटरचं — माझा फोटो आहे, शेजारी कोरं.

नखं पार कापून टाकली. तरी बोटं काळी.

६ एप्रिल, रविवार. दुपार

कुरिअर आलं. रविवारी. बेल नाही, दारावर नखं — मग खोकं उंबऱ्यात. हलकं. रिकाम्यासारखं. लेबल कोरं. 'घेणारा' कोरं. 'पाठवणारा'खाली रेघ. रेघेवर रेघ. कागद फाटेपर्यंत.

खोली आतून लावून घेतलीय. खोकं समोर आहे. आतून — घासतंय काहीतरी. थांबतं. मी पेन उचललं की थांबतं.

आई स्वयंपाकघरात बोलतेय कोणाशी. लाडाने. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला — तो डबा — चमचा भांड्यावर वाजतोय. म्हणते, थांब गं राणी, विरघळू दे. म्हणते, किती दिवस जेवली नाहीस. म्हणते, पाठवलं कोणी तुला?

उत्तर ऐकू आलं नाही. आई म्हणाली, बरं, मग विचारून ये तिला.

एकच नाव हवंय. कळलं मला. बाकी काही मागत नाही ती. चौकटीत एक नाव. आधी इथे लिहिते, मग लेबलावर, मग जाईल ती — पोचेल —

पावलं. पॅसेजमध्ये. निळ्या चपला फरशीवर —

लिहिते गं. खरं लिहिते. शपथ. मला माहीत होतं, पाटी मीच — ते नंतर. आधी नाव.

कडी हलली.

टेप लावायला सांगणारी — वनमा